पाचव्या प्रकरणापर्यंत नायक नाही

(पडदा काळा. काही क्षण फक्त आवाज: दगडी भिंतीवरून सरकत जाणारा हात, अनवाणी पावलं.)

गेड कुठाय?

'अर्थसी' मालिकेतलं पहिलं पुस्तक आवडलं म्हणून ज्यांनी लगोलग दुसरं हातात घेतलं, त्यांच्यातल्या अनेकांची पहिली तक्रार हीच. ज्याच्या बोटीत बसून आपण बेटांमागून बेटं पालथी घातली, ड्रॅगनशी बोललो, तो जादूगार दुसऱ्या पुस्तकात पाचव्या प्रकरणापर्यंत दिसतच नाही. प्रकरणं आहेत एकूण बारा. बरं, दिसतो तेव्हाही नावानिशी नाही. भुयारात कुणी परका चोर घुसलाय, एवढंच आपल्याला कळतं.

उर्सुला ले ग्विन या अमेरिकी लेखिकेची ही कादंबरी, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', पुस्तकरूपात १९७१ साली आली. पन्नास वर्षं उलटली तरी तिच्याबद्दल वाचकांचं एकमत होत नाही. मालिकेतलं सगळ्यात रटाळ पुस्तक हेच, असं म्हणणारे आहेत. सगळ्यात उत्तम हेच, असं छातीठोकपणे सांगणारेही आहेत. मी या दुसऱ्या गटातला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तेवढी वजावट तुम्ही करून घ्याल. आणि गोष्ट फोडल्याशिवाय यावर बोलता येत नाही. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांनी व्हिडिओ इथेच थांबवला तरी राग नाही.

(दृश्य: हाताने काढलेला बेटांचा नकाशा. कॅमेरा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो.)

थोडी पार्श्वभूमी. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पार्नासस प्रेस नावाची छोटी प्रकाशनसंस्था होती. तिचे प्रकाशक हर्मन शाइन यांनी ले ग्विनबाईंना किशोरांसाठी काहीतरी लिहा म्हणून गळ घातली. त्यातून १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' झालं. बेटांनी भरलेला समुद्र, शेळ्या राखणारा एक पोरगा, त्याच्या अंगची अचाट विद्या, त्या विद्येचा माज, आणि त्या माजापायी जगात सुटलेली एक सावली. मोकळं आकाश, खारा वारा, सतत प्रवास.

दुसऱ्या पुस्तकात हे सगळं बंद.

समुद्र नाही, वाळवंट आहे. भोवती भिंत. आत मंदिरं, पुजारणी, राखणीला खोजे. एका मंदिरात सिंहासन, त्यावर कुणीच बसलेलं नाही. टेकडीवर काळे उभे दगड, नऊ. दगडांखाली पोकळी आणि तिच्यापुढे भुयारांचा चक्रव्यूह. त्या पोकळीत दिवा न्यायचा नाही, हा तिथला कायदा. ले ग्विनबाई ओरेगॉन राज्यात, पोर्टलंडला राहायच्या. त्याच राज्याच्या पूर्वेकडचा भाग म्हणजे कोरडं, उजाड पठार. तिकडे फिरून आल्यावर हा प्रदेश सुचला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

(दृश्य: तिन्हीसांजेची सफरचंदाची बाग. एक लहान मुलगी धावतेय. तिचा चेहरा दाखवू नये.)

या जागेत टेनार नावाची पोर आणली जाते. वय वर्षं पाच. मुख्य पुजारीण ज्या रात्री मेली त्या रात्री ही जन्मली, म्हणून ही म्हणजे तीच, पुन्हा जन्मलेली. घरून उचलतात, काळी वस्त्रं घालतात, मान खाली घालायला लावून मानेवर तलवार उगारतात. तलवार पडत नाही, वरच्या वर थांबवली जाते. पण नाव जातं. आता ती आर्हा, म्हणजे खाल्ली गेलेली. तिला खाणारे ते अनाम, त्या दगडांखालच्या अंधाराचे मालक.

परदेशी समीक्षक इथे पुराणकथांमधले दाखले देत बसतात. मराठी वाचकाला तेवढं लांब जावं लागत नाही. देवाला सोडलेली पोर म्हणजे काय, हे खंडोबाच्या मुरळ्या आणि यल्लम्माच्या जोगतिणी पाहिलेल्या मुलखाला कशाला समजावून सांगायचं? आपल्याकडे ज्या रीतीविरुद्ध कायदे करावे लागले, ती या पोरीच्या वाट्याला राजेशाही थाटात येते. सगळे तिच्यापुढे वाकतात, पण तिला भिंतीबाहेर पाऊल टाकता येत नाही. पुस्तक सुरू होतं तिच्या आईबापांच्या दारात. ही आपली राहणार नाही, तिच्यात जीव गुंतवू नकोस, असं बाप आईला बजावतोय. आई मात्र हाक मारतेच.

आता त्या तक्रारीकडे. पहिली चार प्रकरणं संथ आहेत का? आहेत. दिवस सारखे, जेवण सारखं, विधी सारखे. पुजारणींची कुजबुज, हेवेदावे. पेन्थे नावाची एक गोबरी, खायची आवड असलेली मैत्रीण, जिला देवाबिवांचं काही पडलेलं नाही. वाचकाला कंटाळा येतो, कारण त्या मुलीलाही येतो. तिच्या हाती खेळायला एकच गोष्ट आहे: तो चक्रव्यूह. कुठल्या वळणाला डावीकडे, किती फाटे सोडून उजवीकडे, सगळं तोंडपाठ करायचं आणि बोटांनी ओळखायचं. ती अंधार शिकते. आपण तिच्याबरोबर शिकतो, म्हणून पाचव्या प्रकरणात जे घडतं ते अंगावर येतं.

ती नेहमीसारखी त्या पोकळीत उतरते आणि तिला उजेड दिसतो.

(दृश्य: काळ्या पडद्यावर हळूहळू उमटणारा मंद, पांढरा उजेड. संगीत नको.)

भुयारात एक माणूस काठी हातात घेऊन उभा आहे आणि काठीच्या टोकाशी प्रकाश आहे. त्या प्रकाशात तिला ती जागा पहिल्यांदा दिसते. वर्षानुवर्षं जिथे ती वावरली, जिचा कोपरा न् कोपरा तिच्या हाताला ठाऊक होता, तिथलं छत आणि भिंती स्फटिकांनी लखलखताहेत, हिऱ्यांचा महाल असावा तशा. आपण कशाच्या पोटात राहत होतो, याची तिला कल्पनाच नव्हती. गेड पहिल्याच प्रकरणात आला असता, तर ही एका जादूगाराने गुहेत पाडलेल्या उजेडाची गोष्ट झाली असती. अशा गोष्टी पोत्याने मिळतात.

लेखिकेने उजेड पुन्हा एकदा आणलाय, आणि वाचकांच्या चर्चेत त्याचा उल्लेख फारसा होत नाही, याचं मला नवल वाटतं. कॉसिल नावाची एक दणकट, थंड डोक्याची पुजारीण आहे. ती राजाची माणूस. पुढे एकदा टेनारला ती त्याच निषिद्ध पोकळीत दिसते: दिवा पेटवून, जमीन उकरताना. टेनार वाट बघते. आता काहीतरी होईल, अनाम शक्ती हिला गिळतील. काहीच होत नाही. कॉसिल उकरत राहते. तिचा ना त्या दगडांवर विश्वास, ना अंधारावर. सत्ता कुणाकडे आहे एवढंच तिला कळतं.

इथे आपल्याकडचा वाचक, विशेषतः अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचे संस्कार झालेला, मान डोलावतो: बघा, सगळं थोतांड होतं. पण पुस्तक तिथे थांबत नाही. गेड तिला सांगतो की त्या शक्ती खऱ्या आहेत. अंधार आहे, तो क्रूर आहे. फक्त त्यांच्यापुढे डोकं टेकवायचं काही कारण नाही, कारण त्यांच्याकडे कुणाला द्यायला काही नाही. किशोरांसाठी म्हणून लिहिलेल्या गोष्टीत हा विचार आलाय. श्रद्धा खोटी म्हणून सोडणं त्या मानाने सोपं. जे आहे, ज्याची भीती वाटते, त्याचीही पूजा नाकारायची, हे फार अवघड.

आणखी एक अडचण वाचकांना होते, ती नायिकेबद्दल. प्रेमात पडावं अशी ती नाही. राजाने पाठवलेले तीन कैदी तिच्यापुढे आणले जातात. त्यांच्या जिभा छाटलेल्या. यांना कसं मारायचं, हे ठरवायचा अधिकार तिचा. ती पोरवयाची, पुजारणींसमोर कमी पडायचं नाही या ईर्षेने बोलते: अन्न नको, पाणी नको. मग आजारी पडते. स्वप्नात त्या माणसांना भाकर-पाणी नेत राहते. प्रत्यक्षात नेत नाही. ते तिघं मरतात, आणि शेवटपर्यंत त्याची भरपाई होत नाही. काही वाचकांना हे जड जातं, मुलांना द्यायचं पुस्तक का हे, असं वाटतं. मला वाटतं, या प्रसंगामुळेच पुढे ती गेडला पाणी देते तेव्हा त्या पाण्याला वजन येतं.

रंगाचा मुद्दाही इथेच आटपून घेतो. या जगात गेड तांबूस-सावळा आहे आणि टेनारचे लोक गोरे. गोऱ्यांच्या नजरेतून सावळा माणूस म्हणजे आत्मा नसलेला चेटक्या. ले ग्विनबाईंनी हे १९७१ साली लिहिलं, आणि तरी २००४ साली पहिल्या दोन पुस्तकांवरून अमेरिकेत टीव्ही मालिका निघाली तेव्हा गेड गोराच निवडला. बाईंनी त्यावर जाहीरपणे, सडकून लिहिलं.

(दृश्य: पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या टेबलावर पसरलेल्या.)

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. हा रटाळ म्हणणाऱ्यांचा नाही, पुस्तकावर प्रेम करणाऱ्यांचा, त्यातही बायकांचा आहे. इतकी ताकदीची मुलगी उभी केलीत, आणि तिची सुटका करायला शेवटी पुरुषच आणलात?

हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. गेड येतो, तिला तिचं खरं नाव परत देतो, आणि ती त्याच्याबरोबर बाहेर पडते. सांगाडा पाहिला तर राजकन्या आणि राक्षसाची गुहाच. पण आत काय चाललंय ते बघा. त्या भुयारात गेडची सगळी विद्या एकाच कामात खर्ची पडतेय: अंधाराच्या शक्तींनी आपल्याला ओळखू नये, यात. त्याला वाट ठाऊक नाही. तहानेने कोसळतो. पाणी तिच्या हातात, किल्ल्या तिच्याकडे, रस्ता तिच्या बोटांत. तो तिला मारायला आलेला नाही, आणि तिला वाचवायलाही आलेला नाही. तो मनगटात घालायच्या एका तुटक्या कड्याचा अर्धा भाग चोरायला आलाय. उरलेला अर्धा त्याला पहिल्या पुस्तकात, एका ओसाड बेटावरच्या म्हातारीकडून मिळाला होता.

पुढे २०१२च्या आवृत्तीत ले ग्विनबाईंनी या आक्षेपाला उत्तर दिलं. म्हणणं साधारण असं: तिने सगळं एकटीने केलं असतं तर स्त्रीवादी मंडळी जास्त खूश झाली असती. पण त्या सापळ्यातून दोघांपैकी एकालाही दुसऱ्याशिवाय सुटता येणार नाही, असंच मला दिसत होतं.

उत्तर प्रामाणिक आहे. ते पुरेसं आहे का? माझ्या मते अर्धंच. कारण खरा प्रश्न भुयारातला नाहीच, बाहेर पडल्यावरचा आहे. सुटल्यावर टेनार डोंगरात रडते. स्वातंत्र्याचं ओझं तिला पेलत नाही. समुद्रकिनाऱ्यावर तर गेडला भोसकावं इथवर तिचं मन जातं. ही पानं विलक्षण आहेत. पण नंतर तो तिला हॅवनॉर या मोठ्या बंदरशहरात नेतो, लोक जयजयकार करतात, आणि पुस्तक संपतं. तो तिच्याजवळ थांबणार नाही, हे त्याने सांगितलेलं आहे. मग ती करणार काय? पुढच्याच वर्षी तिसरं पुस्तक आलं, 'द फार्देस्ट शोअर', त्यात ती नाही. वाचक वाट बघत राहिले.

थोडीथोडकी नव्हे, दुसऱ्या पुस्तकानंतर जवळजवळ वीस वर्षं.

(दृश्य: डोंगरउतारावरचं शेत, शेळ्या, विहीर. दुपार.)

१९९० साली 'टेहानू' आलं. टेनार आता मध्यमवयीन, शेतकऱ्याची विधवा. तिला गेडच्या गुरूकडे विद्या शिकायची संधी मिळाली होती, ती तिने सोडली, लग्न केलं, मुलं वाढवली. आता एका भाजून टाकलेल्या मुलीला सांभाळतेय. आणि गेड परत येतो तो विद्या गमावून. मुखपृष्ठावर 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं छापलं होतं. ते काही शेवटचं ठरलं नाही, २००१ साली आणखी दोन आली. पण वाद पेटायचा तो याच पुस्तकाने पेटला. ज्यांना दुसऱ्या पुस्तकात गेड उशिरा आला म्हणून राग होता, त्यांना इथे तो भांडी घासताना बघावा लागला. आणि ज्यांना टेनारला पुरुषाने सोडवल्याचा राग होता, त्यांच्यातल्या काहींना ती चूल-मूल करत बसली याचा नवा राग आला. काहींनी मात्र 'टेहानू' वाचून खाली ठेवलं आणि 'टूम्ब्स' पुन्हा पहिल्या पानापासून काढलं.

नव्याने वाचणाऱ्यांना मी एवढंच सुचवेन: तिसरं पुस्तक टाळून दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर जायचा मोह होईल. जाऊ नका. गेडची विद्या कशात गेली ते तिसऱ्यात आहे. ते ठाऊक नसेल, तर टेनारच्या दारात येऊन पडलेला माणूस नुसताच कुरकुऱ्या वाटेल, आणि ती त्याला घरात का घेते, हेही कळणार नाही.