तीन सेंटचं पाकीट

(पडद्यावर: टाक, शाईची बाटली, कोरा कागद, लिहिणारा हात)

आधी टाक शाईत बुडवायचा, जास्तीची शाई बाटलीच्या काठावर निथळू द्यायची आणि मग लिहायचं, चार शब्द झाले की परत बुडवायचा. टेबल नाही. मांडीवर पाठपिशवी, नाहीतर समोर ड्रम, नाहीतर हार्डटॅक नावाच्या कडक बिस्किटांचं रिकामं लाकडी खोकं. हे 1861 साल आहे. अमेरिकेत उत्तरेची राज्यं आणि वेगळं सरकार स्थापलेली दक्षिणेची राज्यं यांच्यात यादवी युद्ध सुरू झालंय, 12 एप्रिलला फोर्ट सम्टर ह्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि तीनच दिवसांत राष्ट्राध्यक्ष लिंकनने 75,000 स्वयंसेवक मागवले, तेही फक्त 90 दिवसांसाठी. भरती झालेली पोरं बरीचशी शेतकऱ्यांची. त्यातल्या कितीतरी जणांना आईला पत्र लिहायची वेळ पहिल्यांदाच आली होती, कारण आईपासून इतकं लांब कधी जावंच लागलं नव्हतं.

त्यामुळे सुरुवात कशी करायची हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर सगळ्यांनी एकच शोधलं. हातात लेखणी घेऊन दोन ओळी लिहितोय, मी खुशाल आहे, तुम्हीही सगळे खुशाल असाल. उत्तरेकडचा असो की दक्षिणेकडचा, पत्रामागून पत्र वाचत जा, हीच ओळ. ती एकदा कागदावर उतरली की पुढचं आपोआप यायचं, जसं बोलतात तसंच, स्पेलिंगही कानाला ऐकू येईल तसं. कवायत किती वेळ चालते, जेवण कसं आहे, मोजे पाठवा, गोवर आलाय छावणीत. एका गावची पोरं एकाच कंपनीत, म्हणजे सैन्याच्या तुकडीत असायची म्हणून एका पत्रात शेजारच्या चार घरांची खबर असायची, आणि घरी ते मोठ्याने वाचलं जायचं. सेन्सॉर असा काही नव्हताच, त्यामुळे कुठे मुक्काम आहे, साहेब कसा आहे, सगळं लिहिलेलं सापडतं.

(क्लोजअप: आडव्या ओळींवर उभ्या ओळी लिहिलेलं पान)

आता हे पान नीट बघा. पहिल्यांदा जाळीच वाटते. पान भरलं, पण सांगायचं संपलं नाही आणि दुसरा कागद नाही, म्हणून पान आडवं फिरवलं आणि लिहिलेल्यावरच परत लिहिलं. वाचायचं असेल तर पान जरा तिरकं धरून एका दिशेच्या ओळींवर नजर टिकवायची, दुसऱ्या ओळी हळूहळू मागे जातात. आम्ही शूट करताना हे करून बघितलं, दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते.

कागद उत्तरेत तरी मिळायचा. छावणीबाहेरच्या दुकानदाराकडे महाग, आणि ख्रिश्चन कमिशन ह्या सैनिकांना मदत करणाऱ्या संस्थेचे लोक तर कागद पाकिटं फुकट वाटायचे. दक्षिणेत मात्र बंदरांची नाकेबंदी, कागदाच्या गिरण्या कमी. हे पुढचं पाकीट बघा, बाहेरून साधं, आतून फुलांची नक्षी. भिंतीला लावायचा वॉलपेपर आहे तो, पांढरी बाजू बाहेर घेऊन घडी घातलेली. कोणाचं आलेलं पाकीट उसवून, उलटं करून, परत चिकटवून तेच परत पाठवायचे असेही नमुने आहेत, एकाच पाकिटावर आत एक पत्ता आणि बाहेर दुसरा.

(पाकिटाचा कोपरा, जिथे तिकीट नाही)

ह्या पाकिटावर तिकीटच नाही. उत्तरेत साध्या पत्राला तीन सेंट लागायचे. साध्या शिपायाचा पगार महिन्याला 13 डॉलर, पण तो वेळेवर मिळेल तर ना, महिनोन्‌महिने थकायचा. आणि तिकिटं जवळ असली तरी घामाने, पावसाने खिशातच एकमेकांना चिकटून जायची. मग जुलै 1861 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला की शिपायाने तिकीट न लावताही पत्र टाकावं, पाकिटावर ‘सोल्जर्स लेटर’ असं लिहावं, अधिकाऱ्याने सही करावी आणि पैसे घरच्यांनी पत्र घेताना द्यावेत. आपल्याकडे ज्याला नॉटपेड म्हणायचे तेच. मला ही तरतूद फार मोठी वाटते, कारण खिशात दमडी नसलेला पोरगासुद्धा त्या दिवसापासून घरी लिहू शकत होता. दक्षिणेच्या सरकारनेही सैनिकांना अशीच सवलत दिली होती, तिथे दर आधी अंतराप्रमाणे पाच किंवा दहा सेंट आणि जुलै 1862 पासून सरसकट दहा.

उलट दिशेने येणाऱ्या पत्रावर गावाचा पत्ता लिहून चालायचं नाही, सैन्य आज इथे तर उद्या तिथे. म्हणून नाव, कंपनी, रेजिमेंट आणि वॉशिंग्टन एवढंच लिहायचं. पोस्ट त्या रेजिमेंटच्या मागे मागे जायचं, रेल्वेने, बोटीने, शेवटी घोड्यावर किंवा गाडीतून.

(क्लीव्हलँडचा रस्ता, हिवाळा)

घरी मात्र पोस्टमन येत नव्हता, पत्र आलंय का हे बघायला पोस्ट ऑफिसात जाऊन रांगेत उभं राहावं लागायचं. क्लीव्हलँडमधला जोसेफ ब्रिग्ज नावाचा पोस्टातला माणूस, त्याने थंडीत कुडकुडत उभ्या असलेल्या बायकांची ती रांग बघितली आणि पत्रं घरोघरी नेऊन द्यायची व्यवस्था बसवली. वॉशिंग्टनला पोस्टमास्टर जनरल मॉन्टगोमेरी ब्लेअरनेही तो विषय लावून धरला आणि 1 जुलै 1863 ला उत्तरेतल्या 49 शहरांत मोफत घरपोच टपाल सुरू झालं. त्याच दिवशी सकाळी गेटिसबर्गची लढाई सुरू झाली.

(गेटिसबर्गचं मैदान. इथे निवेदन नाही.)

चार वर्षांत दोन्ही बाजूंचे सव्वासहा लाखांच्या आसपास सैनिक गेले, काही इतिहासकार साडेसात लाख म्हणतात, आणि त्यातले बरेचसे गोळीने नाही तर आजाराने.

आता शेवटचं पत्र, आणि हा सगळा व्हिडिओ खरं तर ह्या पत्रासाठी केलाय.

उत्तरेच्या सैन्यात जवळपास 1,80,000 कृष्णवर्णीय सैनिक होते, त्यातले बहुतेक कालपर्यंत गुलाम. दक्षिणेत बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहायला वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. म्हणून छावणीत रात्री शेकोटीजवळ बाराखडीची पुस्तकं घेऊन बसलेले मोठे मोठे पुरुष दिसायचे, चॅपलेन म्हणजे सैन्यातले धर्मगुरू शिकवायचे, नाहीतर ज्याला येतं तो न येणाऱ्याचं पत्र लिहून द्यायचा. पगार 13 नाही, 10 डॉलर, त्यातून कपड्यांचे तीन कापायचे. जून 1864 मध्ये कुठे कायद्याने तो सारखा झाला.

स्पॉट्सवुड राइस मिसुरीमधला. मिसुरी उत्तरेच्या बाजूने राहिलेलं पण गुलामगिरी असलेलं राज्य, आणि लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर दक्षिणेसाठी होता, म्हणजे तिथे लागूच नव्हता. राइस 1864 मध्ये भरती झाला आणि मोकळा झाला, त्याच्या मुली मात्र ग्लासगो गावात अजून दुसऱ्यांच्या मालकीच्या होत्या. 3 सप्टेंबर 1864 ला सेंट लुईसच्या लष्करी हॉस्पिटलमधून त्याने मुलींना पत्र लिहिलं.

सुरुवात तीच, हातात लेखणी घेऊन दोन ओळी लिहितोय. मग लिहितो की तुम्हाला विसरलेलो नाही. काळजी करू नका, तुम्हाला घ्यायला येणार आहे, ह्याच महिन्यात आठशे गोरे आणि आठशे काळे सैनिक नदीने ग्लासगोकडे निघणार आहेत. दुसरं पत्र त्याने त्याच्या एका मुलीला, मेरीला, गुलाम म्हणून स्वतःकडे ठेवणाऱ्या किटी डिग्जला लिहिलं आणि स्पष्ट सांगितलं की ती माझी मुलगी आहे, देवाने मला दिलेली.

किटीचा भाऊ ग्लासगोचा पोस्टमास्तर होता. त्याने दोन्ही पत्रं मिसुरीतल्या उत्तरेच्या सैन्याचा प्रमुख जनरल रोझक्रान्सकडे पाठवली, सोबत तक्रार जोडून, की ह्या माणसाला राज्याबाहेर घालवा. त्या तक्रारीला जोडलेली होती म्हणून ती लष्कराच्या फायलींमध्ये राहिली आणि आज आपल्याला वाचता येतात.

(पडद्यावर: पत्राचं पहिलं पान, हळूहळू वरून खाली)

चार महिन्यांनी, 11 जानेवारी 1865 ला मिसुरीने गुलामगिरी रद्द केली. मेरी 1930 च्या दशकात सेंट लुईसमध्ये राहत होती, म्हातारी झाली होती. मुलाखत घ्यायला आलेल्यांना तिने सांगितलं की मला सैन्यातली माणसं आवडतात, माझे वडील सैन्यात होते.