ऊडनाडॅटा ट्रॅक: खडीच्या रस्त्यावर कॅरव्हॅन

दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारी या छोट्या वस्तीपासून निघून मारलापर्यंत जाणारा ऊडनाडॅटा ट्रॅक सुमारे 620 किलोमीटर लांबीचा कच्चा रस्ता आहे. 1872 मध्ये पूर्ण झालेली तारायंत्राची वाहिनी आणि 1980 मध्ये बंद पडलेला जुन्या घान रेल्वेचा मार्ग याच पट्ट्यातून गेले, कारण या रखरखीत मुलखात ग्रेट आर्टेशियन खोऱ्याचे जमिनीखालचे पाणी झऱ्यांच्या रूपाने वर येते ते याच ओळीने. रेल्वे येण्यापूर्वी इकडे माल वाहणारे उंट आणि उंटवाले 1860च्या दशकापासून कराची बंदरातून येऊ लागले होते, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात मोडत असे. आता उंटांच्या जागी मोटारी आहेत आणि त्यांच्यामागे जोडलेल्या कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरच्या राहत्या खोल्या.

या रस्त्याचा खरा त्रास खड्ड्यांचा नाही. वेगाने धावणारे चाक बारीकशा उंचवट्यावरून उडते, पुढे आपटते, तिथली खडी सरकवते आणि मागून येणारे प्रत्येक चाक तेच पुन्हा करते. अशा रीतीने सारा पृष्ठभाग पन्हाळी पत्र्यासारखा होतो. मोटारीत बसलेल्याला हा थरकाप आसनाच्या गादीमुळे निम्माच जाणवतो. मागे कॅरव्हॅनमध्ये मात्र कपाटांचे स्क्रू ढिले होतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर तापतात आणि फ्रिजचे दार उघडून दूध जमिनीवर सांडते. चालकाला यातले काहीच कळत नाही, आणि आमच्या मते कॅरव्हॅनचे बहुतेक नुकसान रस्त्यापेक्षा या बेखबरपणामुळे होते.

म्हणून अनुभवी प्रवासी डांबर संपताच थांबून टायरमधील हवा कमी करतात. डांबरावर 40 पीएसआय असलेला दाब खडीवर साधारण 28 ते 30 वर आणला, तर टायर दगडावर दबतो आणि धक्क्याचा बराचसा भाग स्वतःच पचवतो; मात्र मऊ टायर वेगात तापत असल्याने वेगही तितकाच उतरवावा लागतो. सामान भरतानाही विचार हवा, कारण कॅरव्हॅनच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढच्या जोडणीवर पडला नाही, तर ती मागे डावी-उजवीकडे झुलू लागते.

या रस्त्यावर मोटारीची मागची काचही फुटू शकते. मोटारीच्या मागच्या चाकांनी उडवलेला दगड कॅरव्हॅनच्या सपाट तोंडावर आदळतो आणि उलटून काचेवर येतो. यावर उपाय म्हणून कॅरव्हॅनच्या पुढे तिरकी जाळी बसवतात, म्हणजे दगड खालीच पडतो. काही जण काचेवर नुसता पुठ्ठा चिकटवतात, आणि तोही काम करतो.

धुळीचे गणित निराळे आहे. धावत्या कॅरव्हॅनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ बारीकशा फटीतून आत ओढली जाते. त्यामुळे छतावरची झडप पुढच्या बाजूने उघडी ठेवून आतला दाब वाढवतात. समोरून गुरे वाहणारी रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक आला, की त्याच्या धुळीत काही क्षण काहीच दिसत नाही. अशा वेळी डावीकडे सरकून थांबणे आणि रेडिओवर कान ठेवणे एवढेच चालकाच्या हाती उरते.

मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडॅटा आणि मारला या ठिकाणी इंधन मिळते, परंतु त्यांच्यातील प्रत्येक टप्पा सुमारे 200 किलोमीटरचा आहे. पाऊस झाला, तर माती चिकट होते आणि रस्ता बंद केला जातो; मग वाट उघडेपर्यंत, कधी काही दिवसही, आहे तिथेच मुक्काम करावा लागतो.

मारलाला स्टुअर्ट महामार्गाचे डांबर लागते. तिथे कंप्रेसर काढून टायरमध्ये पुन्हा हवा भरतात, चाकांचे नट पान्याने तपासतात, बेअरिंग तापले आहे का, हे हबजवळ हात नेऊन पाहतात आणि त्यानंतरच कॅरव्हॅनचे दार उघडून आतला पसारा आवरायला घेतात.