दहाव्या आठवड्यापर्यंत बंद लॅपटॉप

सकाळची वेळ. शिवाजी विद्यापीठातल्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाबाहेर ही संशोधक विद्यार्थिनी वही उघडून बसली आहे. तिचा विषय रोज कोल्हापूरच्या रस्त्यांवरून जातो: उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली.

उन्हात ऊस तोडणाऱ्यांच्या मूत्रपिंडाचं काय होतं? एल साल्वाडोर आणि निकाराग्वामध्ये यावर बरंच संशोधन झालंय. ते सगळं शोधून, पारखून एकत्र मांडायचं, म्हणजेच सिस्टिमॅटिक रिव्ह्यू.

तरी लॅपटॉप बंद आहे.

वहीचं हे पान पाहा. चार रकाने: माणसं कोण, त्यांना त्रास कशाचा, तुलना कुणाशी, परिणाम कोणता. खाली निकष. कोणता अभ्यास घ्यायचा, कोणता सोडायचा, हे शोधाआधी ठरवून लिहायचं. निष्कर्ष दिसल्यावर निकष हलवले, तर आपल्याला हवं तेच उत्तर निघतं. म्हणून आराखडा आधीच ‘प्रॉस्पेरो’वर नोंदवतात. यॉर्क विद्यापीठानं ही नोंदवही २०११ मध्ये सुरू केली.

आता खोलीची भिंत. एक कागद म्हणजे एक आठवडा. प्रश्न, आराखडा आणि ग्रंथपालांसोबत शोधशब्द ठरवणं, यांनाच नऊ कागद. ‘शुगरकेन’ सलग लिहिलेलाही शोधायचा आणि मधे जागा सोडलेलाही. स्पॅनिश लेखांच्या भाषांतराचे आठवडे वेगळे. गाईडना हे नऊ आठवडे आधी जास्त वाटले होते. आम्हाला ते कमीच वाटतात.

पुढच्या कागदांवर चाळणी. दुबार नोंदी काढल्या, की ती आणि तिची मैत्रीण, दोघी वेगवेगळ्या टेबलांवर बसून तेच गोषवारे वाचणार, एकमेकींचं उत्तर न बघता. त्याचा सराव आत्ता सुरू आहे.

“हा का सोडलास गं?”

“ह्यातले निम्मे कामगार केळीच्या मळ्यातले आहेत की.”

एकमत झालं नाही, तर निर्णय गाईडचा.

२०१७ मध्ये अशा १९५ आढाव्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. नोंदणीपासून छापून येईपर्यंत सरासरी ६७ आठवडे, लेखक सरासरी पाच. इथे दोघी आहेत. काम वर्षापलीकडे गेलं, तर शोध पुन्हा चालवायचा. त्याचेही कागद शेवटी लावलेत.

दहावा आठवडा. ती लॅपटॉप उघडते.