पोट उडतंय, डॉक्टर

नमस्कार. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींनो, आज मला मुख्यतः तुमच्याशी बोलायचंय. पण घरात तान्हं बाळ असेल, तर बाकीच्या श्रोत्यांनीही थोडं ऐकावं.

मी निवासी डॉक्टर होतो तेव्हाची, डिसेंबरातली रात्र. एक आजी सात महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. डोक्याला टोपरं, अंगात दोन झबली, वर स्वेटर, त्यावर शाल. "सर्दी-खोकला तर आहेच, पण दिवेलागणीपासून पोट उडतंय, डॉक्टर." मी स्वेटर जरा वर सारला आणि स्टेथोस्कोप आत घातला. बाळ रडत होतं, त्यात काही धड ऐकू येईना. मग 15 सेकंद श्वास मोजले. 12 आले. चारने गुणून 48, म्हणजे पन्नासच्या आत. खोकल्याचं औषध दिलं आणि घरी पाठवलं. पहाटे आजी परत आल्या, तेव्हा बाळाचे ओठ निळसर पडले होते.

ऑक्सिजन आणि इंजेक्शनांवर ते बाळ वाचलं. पण आजींनी निदान सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं नव्हतं, ही गोष्ट मला अजून सलते.

पोट उडतं म्हणजे काय होतं? न्यूमोनियात वायुकोशांत पू आणि पाणी भरतं, फुप्फुस ताठर होतं. खोल श्वास घेणं जड जातं, म्हणून बाळ उथळ आणि भराभर श्वास घेऊ लागतं. त्रास आणखी वाढला, की छातीची मऊ भिंत श्वास घेताना बाहेर येण्याऐवजी बरगड्यांखाली आत ओढली जाते. हे दिसायला झबलं काढावंच लागतं. एक्स-रे नंतर.

आकडे पाठ करा. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्याला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. मोजायचं ते पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना, आईच्या मांडीवर. तान्ह्यांचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्ये थबकतो, मग पळतो. म्हणून 15 सेकंदांचा हिशेब फसतो. घरघर असेल, तर श्वासनलिका मोकळी करणारं औषध द्या आणि पुन्हा मोजा. आणि श्वास जलद नसेल, छाती आत जात नसेल, नुसती सर्दी-खोकला असेल, तर अँटिबायोटिक लिहू नका, आईवडिलांनी कितीही आग्रह धरला तरी.

हे मोजणं किती मोलाचं आहे, ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला आणि तोंडाने देण्याचं अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. ज्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. त्यांनी उपचार केलेल्या 612 आजारपणांत मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के होतं. शेजारच्या, हा उपक्रम नसलेल्या गावांत 13.5 टक्के. मला तरी भारतीय बालआरोग्यातलं याहून मोठं काम पटकन आठवत नाही.

पण मेळघाटात आजही बाळाचं पोट उडू लागलं की पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याचे प्रकार घडतात. डंबा म्हणतात त्याला. अशा आईवर ओरडू नका. पोट उडतंय हे तिने बरोबर हेरलेलं असतं. तिला पोहोचायला दवाखाना जवळ नव्हता.

म्हातारपणीचा न्यूमोनिया मात्र वेगळा फसवतो. अनेकदा ताप नसतो, खोकला जेमतेम. "आजोबा कालपासून बरळतायत, जेवत नाहीत," एवढंच घरचे सांगतात. तिथेही चादर बाजूला करा, मिनिटभर छातीकडे बघा. श्वास 30 किंवा त्याहून जास्त असेल, तर त्यांना घरी पाठवू नका.

उद्या वॉर्डात जाल तेव्हा खिशात सेकंदकाटा असलेलं घड्याळ असू द्या. पहिल्या खाटेवरच्या बाळाच्या आईला विचारा, "पोट उडतंय का?" मग झबलं वर करा, हात मागे घ्या आणि मोजायला लागा.