पेरणी होईस्तोवर कसली झोप?

शेतात काम करताना पायाजवळ साप दिसला, तर आपण काय करतो, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे; मात्र त्या क्षणी शरीराच्या आत जे घडते, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनालिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून अवयवांना निरोप देणारे रसायन, सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, यकृत साठवलेली साखर मोकळी करते आणि त्वचेकडे व आतड्यांकडे जाणारे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. हातपाय गार पडणे, घशाला कोरड पडणे, पोटात गोळा येणे, हे आपले वाक्प्रचार म्हणजे याच घडामोडींची वर्णने आहेत, आणि ती किती नेमकी आहेत याचे मला आजही अप्रूप वाटते.

साप निघून गेला की थोड्या वेळात शरीर पूर्वपदावर येते. आपल्या मराठवाड्यातला ताण मात्र असा निघून जात नाही. मृग कोरडा जातो, उगवलेले सोयाबीन करपते, दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागते, आणि एक माणूस दोन-तीन महिने रोज आभाळाकडे पाहत राहतो. अशा काळात त्याच ग्रंथींतून पाझरणारे कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक महत्त्वाचे ठरते. ते पहाटे वाढावे आणि रात्री उतरावे, अशी निसर्गाची योजना आहे. ते रात्रीही चढेच राहिले, तर झोप उडते, रक्तातली साखर व रक्तदाब वाढतो आणि रोगप्रतिकारशक्ती मंदावते.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे मधुमेहाचे एक वयस्कर शेतकरी आले होते. साखर बरीच वाढलेली होती, म्हणून ते गोळ्या चुकवत असावेत असे गृहीत धरून मी त्यांना पथ्य समजावू लागलो. ते मांडीवरच्या टोपीची घडी मोडत होते आणि पुन्हा घालत होते. मी थांबून झोपेविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पेरणी होईस्तोवर कसली झोप, डॉक्टरसाहेब?” त्यांनी एकही गोळी चुकवलेली नव्हती. हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

अमेरिकेत 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या 13 स्त्रियांच्या हातावर अवघ्या साडेतीन मिलिमीटरची जखम केली गेली. तशीच जखम, अशी जबाबदारी नसलेल्या तितक्याच स्त्रियांनाही केली गेली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे वर्षानुवर्षे सगळे करणाऱ्या कितीतरी सुना आपल्या गावांत आहेत. विळीने कापलेले बोट लवकर भरत नाही म्हणून त्यांच्यापैकी कोणी येते, तेव्हा साखर तपासतोच, पण मलम बदलण्याआधी घरात रात्री कोण उठते, हेही मी आता विचारतो.