लालबागची खानावळ आणि आमची आजी

नमस्कार मंडळी.

आजी गेली तेव्हा जो तो म्हणाला, "फार सोशिक होती हो बाई." होतीच, पण तेवढंच म्हणून थांबलं तर तिच्यावर अन्याय होतो. लालबागच्या चाळीत ती खानावळ चालवायची आणि हिशेबाला पक्की होती.

कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून इथे एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. त्यांना जेवू घालणाऱ्या बायका गिरणगावात चाळीचाळीतून होत्या. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी आजीचे डबे भरलेले असत. कुणाच्या किती भाकऱ्या, कुणाला तिखट सोसत नाही, सगळं पाठ. लिहिता येत नव्हतं, म्हणून ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून प्रत्येकाची जेवणं आणि खाडे मांडायची. गणपतीआधी खोलीला चुना लावताना तेवढा कोपरा सोडायचा, असा तिचा हुकूमच होता.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. आजीच्या गहाण पडलेल्या पाटल्या त्या कर्जामुळे सुटल्या.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार बंद, म्हणजे खानावळीचे पैसेही बंद. आजीने कुणालाही ताटावरून उठवलं नाही. कालवण पातळ झालं, बोंबील महाग म्हणून बंद झाले, पाटल्या पुन्हा सावकाराकडे गेल्या. रेघा मात्र ती रोज ओढायची. आईने एकदा विचारलं, "हे पैसे येणार आहेत का? मग कशाला मांडता?" आजी म्हणाली, "मांडलं नाही तर त्याला फुकटचं खाल्ल्यासारखं वाटेल. घास उतरेल का त्याच्या घशाखाली?"

माझ्या लेखी तिचं सगळं मोठेपण त्या रेघांत आहे. दान दिलं असतं तर ती माणसं मिंधी झाली असती. तिने त्यांना उधार दिलं.

बरेच जण गावी परतले. काही वर्षांनी कुणी पैसे घेऊन आले, कुणी तांदळाचं गाठोडं. आजीने ते घेतलं, नको म्हटलं नाही, आणि जेवायला बसवलं. पाटल्या काही परत आल्या नाहीत.

इथे बसलेल्यांपैकी कुणाचे वडील, आजोबा परळ-लालबागच्या खानावळीत जेवले असतील, तर आज पंगतीत मला जरूर गाठा. त्या बायकांच्या आठवणी आपण मिळून लिहून काढू.