नागपूरचा उजेड आणि समोर बसलेला माणूस

मंडळी, आजच्या निमंत्रणावर ‘तैलरंगातलं व्यक्तिचित्र : साम्य कसं साधावं’ असं छापलंय. साम्याकडे, म्हणजे चित्र त्या माणसासारखं दिसण्याकडे, मी येणारच आहे. पण साम्य बहुतेक वेळा बिघडतं ते हात चुकल्यामुळे नाही, उजेड चुकल्यामुळे. म्हणून आधी उजेड.

शिकवताना पहिलाच नियम सांगतात: खिडकी उत्तरेची हवी. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, आकाशाचा उजेड येतो आणि तो तासन्‌तास फारसा बदलत नाही. नियम चांगला आहे, पण तो युरोपातल्या स्टुडिओंमध्ये तयार झाला. तिथे भर दुपारी सूर्य कायम दक्षिणेला. नागपूर 21 अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. इथे 26 मेच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे जुलैच्या मध्यापर्यंत दुपारीही उत्तरेकडे झुकलेला असतो. सकाळचं तिरपं ऊन तर त्याच्या कितीतरी आधीपासून उत्तरेच्या खिडकीत शिरतं: एप्रिलच्या मध्यात साधारण आठपर्यंत, मेच्या मध्यात दहापर्यंत. संध्याकाळीही तेच, पलीकडच्या बाजूने.

असं ऊन गालावर पडलं की वीस मिनिटांत त्याचा पट्टा सरकतो. तुम्ही कपाळ रंगवलंत नऊच्या उजेडात आणि हनुवटी रंगवलीत साडेनऊच्या, तर कॅनव्हासवर दोन वेगवेगळ्या वेळा एका मानेवर बसतात. उपाय स्वस्त आहे. खिडकीच्या चौकटीला ट्रेसिंग पेपर किंवा पांढरी मलमल ताणून लावा. खिडकीचा खालचा भाग पुठ्ठ्याने बंद करा, म्हणजे उजेड वरून, साधारण पंचेचाळीस अंशांनी उतरेल आणि नाकाची सावली ओठाकडे तिरपी पडेल. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरांत खोली अंगणाकडे उघडते, तिथे आणखी एक अडचण: लाल फरशीवरून उसळलेला उजेड हनुवटीखाली नारिंगी होऊन बसतो. माणसाच्या पुढे जमिनीवर काळं कापड अंथरा. आणि ट्यूबलाइट बंद. दुसरा दिवा लागला की नाकाला दुसरी सावली येते आणि चेहऱ्याचा आकार मोडतो. ज्यांना सवड आहे त्यांनी लांबच्या बैठका नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्याव्यात, आपल्याकडे ते चार महिने सोन्यासारखे आहेत.

आता उन्हाळ्याचं निघालंच आहे तर तेलाचंही सांगतो. रंग पातळ करायचं टर्पेंटाइन मे महिन्यात वाटीतून बघता बघता उडतं, रंग ब्रशला ओढ देऊ लागतो. मग लोक त्यात जवसाचं तेल ओततात. पहिल्या थरात हे करू नका. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरात तेल जास्त, हा क्रम उलटला की वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा सावकाश हलत राहतो आणि वर्षभरात भेगा पडतात. म्हणून लहान तोंडाची वाटी घ्या, झाकण ठेवा. विदर्भात जवस पिकतं म्हणून स्वयंपाकघरातलं तेल आणू नका, त्यात बियांचा चिकट अंश राहतो आणि ते जास्त पिवळं पडतं. रंगकामाचं रिफाइंड तेलच घ्या. आणि जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापते, आपोआप पेट घेते. पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. ही गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगतो आणि सांगत राहीन.

आता माझी तक्रार. दुकानात ‘फ्लेश टिंट’, म्हणजे कातडीचा रंग, अशा नावाची ट्यूब मिळते, फिकट गुलाबी. या सभागृहात तो रंग कुणाच्या गालावर आहे? शेजारी बघा, संकोच करू नका. आपल्या पोरांच्या हातात पहिल्या वर्षी ती ट्यूब येते, ती सगळ्या मिश्रणांचा पाया होते आणि मग सावळं करण्यासाठी त्यात काळा मिसळतात. निघतो राखाडी चेहरा. सावळी कांती पांढऱ्यातून खाली उतरत नाही. ती बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोड्या अल्ट्रामरीनपासून (गडद निळा) सुरू होते, पांढरा अगदी शेवटी आणि कणभर. सावलीत पांढरा नाहीच: बर्न्ट सिएना, अलिझरिन (गर्द लाल), अल्ट्रामरीन, पातळ लावून सोडा. आणि हायलाइट बघा. आकाशाच्या उजेडात सावळ्या कपाळावरची चमक थंड असते, निळसर करडी. तिथे पिवळट पांढरा लावला की चमक कातडीवरची न राहता वरून चिकटवलेली दिसते. अल्ट्रामरीनमध्ये पांढरा, त्यात कपाळाचाच थोडा रंग. गोरेपणा हे आपल्याकडे अजूनही कौतुक समजतात, घरचे लोक ‘थोडं उजळ करा’ म्हणतात. करू नका. माणूस समोर बसलाय, त्याचा रंग हा त्याचा आहे.

आयोजकांनी घड्याळ दाखवलं. साम्य, भराभर.

माणूस फूटभर उंच चौथऱ्यावर बसवा, म्हणजे उभ्याने काम करताना त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या पातळीत येतील. खुर्चीचे पाय आणि त्याची पावलं खडूने आखा. वीस-पंचवीस मिनिटांची बैठक, मग विश्रांती. कॅनव्हास 18 बाय 24 इंच, डोकं खऱ्यापेक्षा किंचित लहान. आधी रॉ अंबर, म्हणजे मातकट तपकिरी, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फासा आणि फडक्याने पुसा, पांढऱ्या कॅनव्हासवर टोन, म्हणजे उजळ-गडद छटा, कळत नाहीत.

कॅनव्हास माणसाच्या शेजारी उभा करा आणि सहा-आठ पावलं मागे जाऊन दोन्ही एकदम बघा. अमेरिकन व्यक्तिचित्रकार जॉन सिंगर सार्जंट असाच मागे-पुढे चालत काम करी, आणि डोकं बिघडलं की डागडुजी न करता खरवडून पुन्हा मांडी. डोळे किलकिले करा, मोठी सावली एकच आकार म्हणून दिसेल, ती आधी. हात ताठ धरून ब्रशच्या दांड्याने मापं घ्या, दोऱ्याला वजन बांधून ओळंबा धरा: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली नाकपुडी कुठे येते, ओठांचा कोपरा बुबुळाच्या किती आत. साम्य या अंतरांत असतं, पापण्यांच्या केसांत नाही.

डोळ्याचा पांढरा भाग करडा रंगवा, वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. चष्मा असेल तर आधी डोळे, मग फ्रेमची रेघ, तीही मधे मधे तुटती. तोंड शेवटी, कारण पंधरा मिनिटांत माणूस कंटाळतो आणि ओठांचे कोपरे खाली उतरतात, बोलतं ठेवा. कुंकू आणि नथ सगळ्यात शेवटी, आणि सावलीतलं कुंकू उजेडातल्या कुंकवाच्या रंगाने रंगवू नका.

वाळल्यावर गडद भाग मावळलेले, निस्तेज दिसतील. रंग बदलू नका, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि जास्तीचं पुसून घ्या. व्हार्निश सहा महिन्यांच्या आत नाही, जाड रंग असेल तर वर्षभर थांबा.